दहा गुंठ्यांचं तयार जंगल: मियावाकी पॅकेज कोकणात कसं उतरतं

दहा गुंठे (सुमारे हजार चौरस मीटर) जागा, तीन हजार रोपं, तीन वर्षांची देखभाल आणि दर रोपागणिक. मियावाकी घनवनाचं पॅकेज एवढ्यात बसतं. नगरपरिषदा, नगरपंचायती, मोठ्या सोसायट्या आणि कंपन्यांचे सीएसआर विभाग ते घेतात. ठेकेदार बदलला तरी पत्रकातला मजकूर फारसा बदलत नाही, म्हणून हे परीक्षण कुणा एका ठेकेदाराचं नाही, त्या ठरलेल्या साच्याचं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. पद्धत चांगली आहे. पण पॅकेज कोकणची जमीन आणि कोकणचा पाऊस धरून बांधलेलं नाही, आणि माणसाला आत शिरायची वाट त्यात धरलेलीच नसते. ही दुसरी चूक जास्त महागात पडते. रोप मेलं तर पुढच्या पावसात दुसरं लावता येतं. तीन वर्षं वाढलेल्या झाडोऱ्यातून वाट काढायची तर कुऱ्हाडच चालवावी लागते.

अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी जपानमधल्या देवळांभोवती पिढ्यान् पिढ्या राखलेल्या राया अभ्यासल्या, त्या जागी मुळात कोणतं जंगल होतं ते त्यातून ओळखलं, आणि १९७० च्या दशकापासून तीच झाडं दाटीने लावून कारखान्यांच्या आवारात जंगलं उभी केली. कोकणी माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. इथे देवराई गावोगावी आहे. रोपांची यादी करायला पत्रक कशाला हवं? जवळच्या राईत जायचं, वर कोण, मधल्या थरात कोण, पायाशी कोण ते वहीत लिहून काढायचं. वर किंजळ, ऐन, बेहडा, सातवीण. मध्ये रातांबा, जांभूळ, कुंभा, सुरंगी, ओवळ. खाली अंजनी, करवंद, तोरण, कुडा. समुद्राकडच्या बाजूला उंडी, करंज, भेंड. पंचवीस-तीस जाती सहज निघतात.

आता जमीन. पत्रकात हमखास लिहिलेलं असतं: जेसीबीने एक मीटर खोदाई, त्यात शेणखत, कोकोपीट, भाताचं तूस मिसळून भरणे. खोल मातीत हे चालतं. कोकणात बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फुटावर जांभा लागतो. तो फोडून खड्डा केला की चारी बाजूंनी कठीण चिरा आणि आत भुसभुशीत भराव, म्हणजे हौदच झाला. जुलैत तो भरतो आणि पाणी हलत नाही. रोप वरून हिरवंगार दिसत राहतं, कारण हवेत दमटपणा भरपूर. ऑगस्टमध्ये चार दिवस उघाडी पडली, ऊन लागलं, की एकदम मान टाकतं. देखभालीचा माणूस समजतो पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी घालतो. ते रोप उपटून पाहा. मुळाची साल दोन बोटांत मोजा निघावा तशी सुटून येते, आतला भाग काळपट झालेला असतो आणि साचलेल्या गटारासारखा वास येतो. ही तहान नव्हे, मुळं बुडून कुजली आहेत.

यावरची चाचणी फुकटची आहे. मे महिन्यात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असे तीन-चार खड्डे प्लॉटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत घ्यावेत. पाण्याने भरावेत, जिरू द्यावेत, मग पुन्हा भरावेत. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांनीही उभं असेल तर तिथे खोल खोदाई करू देऊ नये. त्याऐवजी जमिनीच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचे, दीड मीटर रुंदीचे वाफे घालावेत, दोन वाफ्यांमध्ये चर काढावा आणि चराचा उतार व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, द्यावा. पाणी जिरत असेल तर मात्र चर उताराला आडवे घ्यायचे. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, दहा मीटर लांबीच्या एका चरात साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं, आणि पावसाळ्यात तो कितीतरी वेळा भरून जिरतो.

खोदलेली माती उघडी ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. इथे चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीतच भुसभुशीत केलेली माती, विकत घेतलेल्या शेणखतासकट, गटारात जाते. आच्छादन १० ते १५ सेंटिमीटर हवं आणि ते रोप लावलं त्याच दिवशी हवं. पत्रकात पेंढ्याचे पैसे लावलेले असतात. खरं तर पातेरा, म्हणजे पाचोळा, शहरातच पडलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडलोटीत गोळा होतो आणि पुष्कळ ठिकाणी जाळला जातो. हजार चौरस मीटरवर १२ सेंटिमीटर थर द्यायचा तर १२० घनमीटर सैल पातेरा लागेल, म्हणजे तीन घनमीटरच्या ट्रॉलीने चाळीस फेऱ्या. नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला सांगून तो दोन महिने एका जागी साठवला तर पेंढा घ्यावाच लागत नाही. वर बांबूच्या खुंट्यांना सुतळी आडवी-तिडवी बांधायची, नाहीतर सगळा थर तरंगत कुंपणाला जाऊन बसतो. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवायची; चिकटून ठेवला की वाळवी थेट खोडात शिरते. आधाराच्या काठीलाही सुतळीच बांधावी. नायलॉनची दोरी दुसऱ्या वर्षी सालीत रुतते आणि रोप तिथेच मोडतं.

लावणीची तारीख कार्यक्रमावर ठरते, पावसावर नाही, हे आणखी एक दुखणं. ५ जूनला पर्यावरण दिन असतो. मुंबईला मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, दक्षिण कोकणात त्याच्या काही दिवस आधी. म्हणजे ५ जूनची रोपं तापलेल्या मातीत जातात. दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावणी उरकावी. जुलै संपल्यावर लावलेल्या रोपाची मुळं ऑक्टोबरच्या उन्हाळ्याआधी पुरेशी खाली जात नाहीत.

रोपांचा ट्रक आला की त्या दिवशी जाणकार माणूस हजर पाहिजे. यादीत सुरंगी आणि किंजळ असतात, ट्रकमधून कासोद, सुबाभूळ, आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, आणि कधीकधी कोनोकार्पस उतरतो. कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. इथे तो ‘लवकर हिरवं दिसतं’ म्हणून खपतो. ही अदलाबदल नेहमी फसवणुकीच्या हेतूनेच होते असं नाही. रातांब्याचं बी वाळलं की रुजत नाही, जांभळाचंही तसंच; फळ खाल्ल्यावर थोड्या दिवसांत पेरावं लागतं. एप्रिल-मे-जूनमध्ये पेरलेलं रोप पुढच्या पावसाळ्यात लावण्याजोगं होतं. मेमध्ये निविदा काढून जूनमध्ये पाचशे रातांबे मागितले तर ते कुठून येणार? मग घाटावरून जे मिळेल ते भरलं जातं. मागणी एक वर्ष आधी, उन्हाळ्याच्या तोंडावर द्यायला हवी. रोपवाटिका स्थानिक असावी, तालुक्यातला एखादा महिला बचतगट असला तर उत्तमच: बियाणं इथलं आणि पैसाही इथेच राहतो.

उतरवलेल्या रोपांतली दहा-बारा कुठूनही उचलून पिशवी फाडून पाहावीत. तळाशी मूळ घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गोल फिरलेलं असेल तर ते रोप पिशवीत जास्त काळ राहिलंय. तसंच लावलं तर चार-पाच वर्षांनी, ऐन वाढीच्या वयात, वाऱ्याने मुळासकट आडवं होतं. थोडी गुंडाळी असेल तर कोयत्याने तळाचा इंचभर भाग कापून लावता येतं. पूर्ण वेटोळं असेल तर परत पाठवावं. उंची दोन-अडीच फूट पुरे. सहा फुटी रोपं फोटोत छान दिसतात, पण पुढे बुटकी रोपं त्यांना मागे टाकतात.

पाणी हा पॅकेजमधला सगळ्यात नाजूक मुद्दा, आणि न्यायाचाही. पत्रकात चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी धरलेलं असतं. दहा गुंठ्यांना रोज पाच हजार लिटर म्हणजे एक टँकर, ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे २३० दिवस. एप्रिल-मेमध्ये ज्या शहराच्या वरच्या वाड्या नळाला पाणी नाही म्हणून हंडे घेऊन थांबतात, तिथे हा टँकर भरल्या प्लॉटवर रिता होणं कुणालाच पटणार नाही, आणि पटू नये. तोड आहे. चौरस मीटरला तीनऐवजी दोन रोपं लावायची, आच्छादन जाड ठेवायचं आणि डिसेंबरपर्यंत एक दिवसाआड, पुढे तीन दिवसांनी पण खोल पाणी द्यायचं. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात आणि टँकर बंद झाला त्या वर्षी झाडं बसतात. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी घेण्याआधी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने, तपासावं. १,००० पीपीएमच्या वर असेल तर कोवळ्या रोपांना नको. पानांच्या कडा करपायला लागल्या की खारं पाणी ओळखायचं. जीवामृत मात्र जरूर द्यावं: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती.

आता फाटकाकडे येऊ. तीन वर्षांनी हे घनवन पाहायला गेलं की काय दिसतं? चहूबाजूंनी जाळीचं कुंपण, लोखंडी फाटक, त्याला कुलूप. शेजारी प्रायोजकाचा फलक. आत पंधरा-वीस फुटांचा गर्द झाडोरा. बाहेर रस्त्यावर, मेच्या दुपारी, बसची वाट पाहत बाया आणि शाळकरी मुलं जाळीलगत हातभर सावलीत ओळीने उभी. ती हातभर सावली तरी आहे याचं समाधान मानायचं की आत एवढी असून बाहेर एवढीच का, हे विचारायचं? आम्ही विचारावं या मताचे आहोत.

मियावाकी वन म्हणजे बाग नव्हे, आत चालायला जागा नसते, हे खरंच आहे. म्हणूनच वाट लावणीच्या आधी आखावी लागते. दहा गुंठ्यांत सलग एक ठोकळा न करता, पाच-सहा मीटर रुंदीचे पट्टे करावेत आणि त्यांच्यामधून दीड मीटर रुंदीची वाट फिरवावी. वनाचं क्षेत्र पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होतं, पण सगळी झाडं माणसाच्या कामी येतात. फाटकाची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर, उंबरठा नको. चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. दोन फूट चढायचं तर २४ फूट लांब उतार लागतो. कोकणात लगेच पाखाडीच्या पायऱ्या बांधायची सवय आहे, पण पायऱ्यांनी व्हीलचेअर, काठी टेकत येणारी आजी आणि बाळाची गाडी तिघंही बाहेर राहतात. वाटेला घासून गुळगुळीत केलेला चिरा वापरू नये. पहिल्याच पावसात शेवाळ धरतं. टाचलेला खडबडीत चिरा, मध्ये दोन बोटांच्या फटी, हे टिकतं. बसायला दीड फूट उंचीची चिऱ्याची बैठक, पाठ टेकायला जागा असलेली. म्हाताऱ्या माणसाला पाठीशिवायच्या कट्ट्यावर दहा मिनिटंही बसवत नाही.

बायका आणि मुली अशा जागी जातील की नाही, हे झुडपांच्या उंचीवर ठरतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना दीड मीटरपर्यंत गुडघ्याच्या वर जाणारं झुडूप नको, आणि खोडांच्या खालच्या फांद्या सात फुटांपर्यंत छाटलेल्या हव्यात, म्हणजे वळणापलीकडचं दिसतं. आत शिरलं त्याच फाटकाने बाहेर पडावं लागू नये. दोन दारं हवीत. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि चालतं स्वच्छतागृह नसेल तर जागा पुरुषांचीच होते. वेळ ‘सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५ ते ७’ अशी ठेवतात. ती फिरायला जाणाऱ्यांची वेळ झाली. ज्यांना सावली लागते ते हमाल, रिक्षावाले, बाजाराला आलेली खेड्यातली माणसं, यांची वेळ ११ ते ४ आहे. कुलपाचं कारण म्हणून गुरं आणि कचरा सांगतात. गुरांसाठी फिरतं फाटक बसवता येतं, शेजारी व्हीलचेअरपुरतं साधं दार. कचऱ्यासाठी माणूसच लागतो, आणि तो देखभालीच्या दरात धरून घ्यावा.

प्लॉट कुठला, हाही प्रश्न आधी विचारायचा. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा तिथल्या रहिवाशांसाठी असते. सार्वजनिक पैशाचं घनवन तिथे लावलं की त्याचा लाभ एका वसाहतीपुरता राहतो. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित असलेली जागा आधी शोधावी. नेदरलँड्सचे नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेनडाइक यांचा २०२१ मधला ३-३०-३०० चा नियम मोजायला सोपा आहे: घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर झाडांचं ३० टक्के छत्र असावं, ३०० मीटरच्या आत हिरवी जागा असावी. कोकणात हे अंतर नकाशावर न मोजता पायी मोजावं. मध्ये साकव नसलेला व्हाळ किंवा शंभर पायऱ्यांची पाखाडी असेल तर ते ३०० मीटर कागदावरच राहतात.

काही जागी हे पॅकेज अजिबात घेऊ नये. कातळसडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, ‘पडीक’ म्हणून दाखवला जातो. तो पडीक नसतो. पावसाळ्यात तिथे सड्यावरचीच फुलं येतात, पाणी तिथूनच खालच्या विहिरींना जातं, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. खाडीकाठच्या चिखलात आणि कांदळवनाच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही नको. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन आणि त्याभोवतीच्या या पट्ट्याला संरक्षण दिलं आहे. कार्बन साठवायचाच असेल तर उभं कांदळवन राखणं केव्हाही जास्त मोलाचं, कारण तिथला बराचसा कार्बन चिखलात साठलेला असतो. वाळूच्या किनाऱ्यावर आधी मर्यादवेल, केवडा, मागे उंडी-भेंड, हाच क्रम.

वाऱ्याचं तर पत्रकात नावही नसतं. आपल्याकडे हवा आधीच दमट, त्यामुळे झाडांच्या बाष्पाने गारवा जाणवतो तो घाटावरच्यापेक्षा कमी. आपल्याला सावली आणि दुपारचा खारा वारा दोन्ही लागतात. वस्तीच्या पश्चिमेला जमिनीपासून शेंड्यापर्यंत गच्च भिंत उभी केली तर तिच्या उंचीच्या दहापटीपर्यंत वारा मंदावतो. आठ मीटरच्या झाडोऱ्यामागची ऐंशी मीटरमधली घरं उकडतात. निसर्ग चक्रीवादळात (३ जून २०२०) श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा वादळासाठी आडोसा हवा हेही खरं. म्हणून तो पट्टा वस्तीला लागून नको, किनाऱ्याकडे असावा. वस्तीत उंच छत्राची, खालून वारा जाऊ देणारी झाडं.

पत्रकातलं ‘पूरनियंत्रण’ आम्ही बाजूला ठेवतो. १०० मिलिमीटर पावसात दहा गुंठ्यांवर पडतं एक लाख लिटर पाणी. ते सगळं जिरलं तरी गल्लीतलं तुंबणं कमी होईल, हा खरा आणि चांगला फायदा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात शिरलेलं पाणी वाशिष्ठीच्या अख्ख्या खोऱ्याचं होतं; त्याचं उत्तर प्लॉटवर मिळत नाही.

पैसे रोपागणिक देऊ नयेत. दाट लावलेल्या रोपांतली बरीचशी सावलीत दबून आपोआप मरतात, ते अपेक्षितच आहे. तेव्हा तीन हजारांच्या आकड्यावर बिल भागवण्यात अर्थ नाही. लावणीनंतर ४० टक्के, पहिला उन्हाळा सरल्यावर ३०, तिसऱ्या पावसाळ्यानंतर ३०, अशी फोड करावी. मोजणीसाठी ५ मीटर बाय ५ मीटरचे तीन चौकोन, जागा ठेकेदाराने नव्हे तर चिठ्ठीने ठरवलेल्या. चौरस मीटरला तीन रोपं असतील तर एका चौकोनात ७५ हवीत. पहिल्या उन्हाळ्यानंतर ६० च्या खाली असतील तर जूनमध्ये भर घालून मिळाली पाहिजे. त्याच वेळी जाती मोजाव्यात, वाट मोकळी आहे का, फाटक दुपारी उघडं होतं का, हेही त्याच कागदावर. उन्हाळ्यात कुंपणाबाहेर दोन मीटरचा पट्टा गवत काढून साफ ठेवण्याची अटही घालावी, नाहीतर वाळका पातेरा एका विडीने पेटतो.

ज्या वस्त्यांना सावलीची सगळ्यात जास्त गरज आहे तिथे दहा गुंठे सापडणारच नाहीत. कोळीवाडा, जुनी बाजारपेठ, एसटी स्टँडामागची चाळ, मासळी बाजार. तिथे याच पैशातून एकेक झाड लावावं. मासळी बाजाराबाहेर ओट्यांच्या दक्षिण-पश्चिमेला, ४ ते ५ मीटर अंतरावर, भेंड किंवा करंज. खड्डा एक मीटर घन, तोंड १.२ बाय १.२ मीटर मोकळं, सिमेंट खोडापर्यंत न आणलेलं, कडेला बर्फाचं खारट पाणी आत येऊ नये म्हणून चार इंच उंच चिऱ्याचा काठ. इथे मात्र आठ फुटी रोप आणि तीन वर्षं लाकडी पिंजरा. पाणी आठवड्यातून दोनदा वीस लिटर, आणि ते घालायची जबाबदारी तिथे रोज बसणाऱ्या बायकांपैकी कुणाला तरी मानधन देऊन.